वीज गेल्यावर टाकीतले मासे कसे सांभाळावेत?

वळवाचा पाऊस, झाडे मोडणारा वारा आणि पावसाळ्याआधीच्या दुरुस्तीसाठी जाहीर होणारे वीजबंद यांमुळे मे-जून हे दोन महिने घरी मासे पाळणाऱ्यांना काळजीचे जातात. या सदराकडे आलेली बरीच पत्रे या एकाच विषयाची असल्याने या वेळी दुसरा कोणताही प्रश्न घेतलेला नाही. मिळतीजुळती पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी सकाळी दहापासून दुपारी तीन-चारपर्यंत वीज नसते. दोन फुटी टाकीत सात गोल्डफिश आहेत. ऑक्सिजनची मोटार बंद पडली की दीड-दोन तासांत सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. मोटारीशिवाय मासे किती वेळ जगू शकतात? (पुणे)

उत्तर : याचे तासांत बांधून दिलेले उत्तर नाही. टाकीतल्या माशांचे एकूण वजन, पाण्याचे तापमान आणि हवेला भिडणारा पाण्याचा पृष्ठभाग या तीन गोष्टींवर ते ठरते. पहिली आणि तिसरी गोष्ट मात्र आपल्या हातात असते, म्हणून थोडे मुळापासून सांगणे योग्य होईल.

एअर पंपाच्या, म्हणजे आपण म्हणता त्या ऑक्सिजनच्या मोटारीच्या, बुडबुड्यांतून पाण्यात थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो. बुडबुडे वर चढताना तळाचे पाणी आपल्याबरोबर वर आणतात, पृष्ठभाग सतत हलता ठेवतात आणि त्या हलत्या पृष्ठभागातून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो व पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पंप थांबला तरी हे काम पूर्ण थांबत नाही, ते फार मंदावते. वरचा पातळ थर ऑक्सिजन घेत राहतो, पण तो खालपर्यंत पोहोचत नाही. मासे वर का येतात, हे यावरून लक्षात यावे.

शिल्लक साठा किती तोकडा असतो, तेही पाहू. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळू शकतो. २० अंशांना हाच आकडा सुमारे नऊ मिलिग्रॅम असतो. दोन फुटी टाकीत प्रत्यक्ष पाणी साधारण साठ लिटर धरले, तर उन्हाळ्यात त्या सबंध टाकीत अर्धा ग्रॅमसुद्धा ऑक्सिजन नसतो. त्यातून सात गोल्डफिश श्वास घेणार, खडीत अडकलेले अन्न आणि विष्ठा कुजताना तिथले जिवाणूही त्यातलाच वापरणार. पाण्यातले प्रमाण लिटरला तीन मिलिग्रॅमच्या खाली गेले की बहुतेक माशांची तगमग सुरू होते.

म्हणून आपल्या टाकीचा खरा प्रश्न गुरुवारचा नाही, तो आठवडाभराचा आहे. दोन फुटी टाकीत वाढलेले सात गोल्डफिश ही गर्दीच झाली, आणि एरवी चोवीस तास चालणाऱ्या पंपामुळे ती जाणवत नाही इतकेच. यांतले दोन ठेवून बाकीचे मोठ्या टाकीत किंवा जबाबदार परिचिताकडे हलवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मोजके मासे, स्वच्छ खडी आणि उघडा पृष्ठभाग असलेली टाकी पाच-सहा तासांचा बंद बहुधा विनासायास काढते.

तोपर्यंत दर गुरुवारी इतके करावे. आदल्या दिवशी संध्याकाळी तळाची घाण नळीने ओढून पाव भाग पाणी बदलावे. गुरुवारी सकाळी मुळीच खायला घालू नये, कारण अन्न पचवणाऱ्या माशाला ऑक्सिजन अधिक लागतो आणि उरलेले अन्न कुजताना आणखी ऑक्सिजन खाते. वीज जाताच झाकण काढावे आणि मासे उडी मारणारे असतील तर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा. दर अर्ध्या तासाने स्वच्छ, साबण न लागलेल्या तांब्याने टाकीतलेच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून चार-पाच मिनिटे परत ओतत राहावे. शक्यतो तांब्या तळापर्यंत नेऊन भरावा, म्हणजे खालचे पाणी वर येईल. मासे घाबरणार नाहीत इतक्या हळूवारपणे, एका कोपऱ्यात धार सोडावी. हे काम शाळकरी मूलही करू शकते. मात्र टाकीत हात घालण्यापूर्वी तिची सगळी उपकरणे प्लगमधून काढलेली असावीत, कारण वीज कोणत्याही क्षणी परत येते.

आणखी एक बारीक गोष्ट. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या खाली, टेबलाच्या कप्प्यात ठेवलेला असेल, तर तो थांबताच नळीतून पाणी उलटे येऊन पंपात आणि जमिनीवर सांडू शकते. पंप पातळीच्या वर टांगावा किंवा नळीत एकाच दिशेने हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसवावा. मत्स्यदुकानात तो अगदी थोड्या पैशांत मिळतो.

प्रश्न : घरात १५० अँपिअर-अवरची बॅटरी असलेला इन्व्हर्टर आहे. त्यावर टाकीची सगळी उपकरणे चालवावीत का? घरचे म्हणतात, पंखे-दिवे लवकर बंद पडतील. (ठाणे)

उत्तर : सगळी नकोत, पण एअर पंप जरूर जोडावा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १८०० वॅट-तास ऊर्जा देते. बॅटरीचे वय, इन्व्हर्टरमध्ये होणारा व्यय आणि ती पूर्ण रिकामी न करण्याचा संकेत धरता हिशेबात त्याच्या निम्मीच धरावी. घरगुती एअर पंप तीन ते पाच वॅट घेतो. पाच वॅटचा पंप बारा तास चालला तर साठ वॅट-तास खर्च होतात, आणि पंचाहत्तर वॅटचा छताचा पंखा तेवढी ऊर्जा तासाभराच्या आतच संपवतो. घरच्यांना हा हिशेब दाखवला तर त्यांची हरकत राहू नये.

फिल्टर दहा ते पंचवीस वॅटचा असेल तर तोही चालवता येईल. दिवा बंदच ठेवावा. अंधाराने माशांचे काही बिघडत नाही, उलट ते शांत राहतात. हीटर मात्र इन्व्हर्टरवर लावू नये, कारण दोनशे वॅटचा हीटर चार तास सतत चालला तर आठशे वॅट-तास घेतो आणि मग पंपालाही काही उरत नाही.

आपला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर पंप आणि फिल्टर घुमल्यासारखा आवाज करतात व अधिक तापतात. काही तासांसाठी हे चालून जाते, पण रोजच भारनियमन असलेल्या गावात साइन वेव्ह इन्व्हर्टरच घ्यावा. टाकीजवळचा एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेण्याचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, त्याला अर्थिंग असावे आणि गळती होताच प्रवाह तोडणारा आरसीसीबी त्या लाइनवर आहे ना, हे त्याला विचारावे. टाकीतून येणारी वायर सरळ प्लगकडे न नेता प्लगच्या खाली तिला झोळ द्यावा. वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, सॉकेटमध्ये जात नाही.

प्रश्न : निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती आणि तेव्हा टाकीतले सगळे मासे गेले. आता पुन्हा टाकी मांडायची आहे. इतका दीर्घ काळ वीज नसेल तर मासे जगवणे शक्य आहे का? (दापोली)

उत्तर : शक्य आहे, आणि आपण पुन्हा टाकी मांडत आहात याचा मनापासून आनंद वाटतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या अनेक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेले तेव्हाही कोकणात खांब आणि तारा कोसळल्या. किनारपट्टीवर टाकी मांडणाऱ्याने असा बंद अपवाद न मानता मांडणीतच धरावा, असे मला वाटते.

म्हणजे टाकी उंच आणि अरुंद न घेता पसरट घ्यावी. उंच टाकी दिवाणखान्यात शोभून दिसते, पण तितक्याच पाण्याला तिचा पृष्ठभाग कमी मिळतो. मासे नेहमीच्या सल्ल्यापेक्षा कमी ठेवावेत आणि त्यांची निवड विचारपूर्वक करावी. फायटर आणि गुरामी यांच्या डोक्यात गिलांच्या, म्हणजे कल्ल्यांच्या, वर हवेतला ऑक्सिजन घेणारा खास अवयव असतो, त्यामुळे वर येऊन हवा घेत ते साचलेल्या पाण्यातही तग धरतात. कोरीडोरस हवा गिळून आतड्यातून ऑक्सिजन घेतो. याउलट डिस्कस आणि मोठे गोल्डफिश पाण्यातल्या ऑक्सिजनवरच विसंबून असतात. गोल्डफिश थंड पाण्यात ऑक्सिजनची टंचाई बराच काळ सोसतो हे खरे, पण कोकणातल्या उकाड्यात त्याचा भरवसा धरू नये.

फिल्टर साध्या स्पंजचा ठेवावा, कारण तो हवेवर चालतो आणि हवा कोणत्याही पंपातून देता येते. यूएसबीवर चालणारे छोटे एअर पंप आता सर्वत्र मिळतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटकडे किंवा कुर्ल्याच्या मत्स्यबाजारात गेलात तर निवडही करता येते. असा पंप एक ते दीड वॅट घेतो. १०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-तास असतात, व्यय वजा जाता पंचवीस तरी हाती येतात आणि त्यावर पंप सोळा ते चोवीस तास चालतो. दोन पॉवर बँका आळीपाळीने गाडीच्या सॉकेटवर किंवा छोट्या सौर पॅनेलवर चार्ज करत राहिल्या तर आठवडाही निघतो. खरेदी करताना एक खात्री मात्र करून घ्यावी. विजेची ओढ फार कमी असली की काही पॉवर बँका काम संपले असे समजून आपोआप बंद होतात, म्हणून वादळाची वाट न पाहता घरीच एक रात्र पंप लावून पाहावा. मोठ्या सेलवर चालणारा पंप हा दुसरा पर्याय. त्याचे सेल वेगळे, कोरड्या डब्यात ठेवावेत.

चक्रीवादळाचा इशारा हवामान विभागाकडून आधी मिळतो. तो मिळताच माशांना खायला देणे थांबवावे, तळ साफ करून एकतृतीयांश पाणी बदलावे, आणि झाकणाच्या पिंपांत पाणी भरून ठेवावे, कारण वीज गेली की वरच्या टाकीत पाणी चढवणारा पंपही बंद होतो आणि पाणी बदलायला पाणीच उरत नाही. नळाचे पाणी असेल तर क्लोरीन घालवणारे औषध, म्हणजे दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट, जवळ असावे. आपत्तीनंतर पाणीपुरवठ्यात ब्लीचिंग पावडर एरवीपेक्षा जास्त टाकली जाते, याचे भान ठेवावे. विहिरीच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसते, पण ते थंड असते, त्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, आणि वादळानंतर त्यात गाळ किंवा किनाऱ्यालगत खारे पाणी उतरलेले असू शकते. नेहमी तेच पाणी वापरत असाल तरी चव आणि रंग पाहून, तासभर बादलीत ठेवून, उंचावरून ओतत मगच वापरावे.

प्रत्यक्ष वीज गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस अन्न द्यायचेच नाही. निरोगी, पूर्ण वाढलेले मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात; पिल्ले राहू शकत नाहीत, त्यांना चिमूटभर द्यावे लागेल. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड अगदी थोडे खाद्य पुरेसे होते. हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे, कारण काचेजवळ येणाऱ्या माशाकडे पाहून हात डब्याकडे जातोच. पण फिल्टर थांबलेला असताना दिलेला प्रत्येक दाणा अमोनिया होऊन पाण्यात राहतो. रोज पंधरा-वीस टक्के पाणी बदलण्याचे काम त्यासाठीच आहे.

पॉवर बँका संपल्याच तर रात्रीसाठी धारेची सोय करावी. टाकीतलेच पंधरा लिटर पाणी बादलीत काढून ती स्टुलावर, टाकीहून उंच ठेवावी आणि सलाइनच्या नव्या नळीने बारीक धार टाकीत सोडावी. मिनिटाला शंभर मिलिलिटर अशी धार धरली तर बादली अडीच तास पुरते. मग पुन्हा टाकीतूनच भरून घ्यावी, म्हणजे पातळीही वाढत नाही. वनस्पती लावलेल्या टाकीत पहाटेकडे विशेष लक्ष द्यावे. रात्रभर वनस्पतीही ऑक्सिजन घेत असल्याने उजाडण्यापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी झालेले असते. दिवसा खिडकीतला उजेड त्यांना मिळू द्यावा, थेट ऊन नको.

जनरेटर घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून दूरच चालवावा. पडवीत किंवा बंद बाल्कनीत चालवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड घरातल्या माणसांचा जीव घेऊ शकतो. माशांसाठी कोणीही तो धोका पत्करू नये.

प्रश्न : हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले तर पाण्यात ऑक्सिजन वाढतो असे ऐकले. खरे आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : त्यातून ऑक्सिजन मोकळा होतो हे रसायनशास्त्रानुसार खरे आहे, तरीही घरी हा उपाय करू नये. औषधाच्या दुकानात ३ टक्क्यांची आणि ६ टक्क्यांची, अशा दोन्ही बाटल्या मिळतात. हिशेब एकीचा आणि बाटली दुसरी असे झाले तर मात्रा दुप्पट होते, आणि जास्त झालेले पेरॉक्साइड माशांच्या गिला भाजून काढते. कोळंबीच्या आणि माशांच्या तळ्यांत शेतकरी ऑक्सिजनच्या गोळ्या वापरतात, पण तिथे पाणी लाखो लिटर असते आणि वापरणाऱ्याला अनुभव असतो. साठ लिटरच्या टाकीला तांब्या आणि धार हेच उपाय पुरेसे आहेत.

प्रश्न : चार फुटी टाकीला कॅनिस्टर फिल्टर आहे. परवा रात्रभर वीज नव्हती, तरी सकाळी सगळे मासे ठीक होते. वीज आल्यावर फिल्टर सुरू झाला, आणि संध्याकाळपर्यंत तीन एंजल आणि दोन गुरामी मेले. वीज नसताना जगलेले मासे वीज आल्यावर कसे मेले? (सोलापूर)

उत्तर : आपले दुःख समजू शकते. हा प्रश्न आपण लिहून पाठवला याबद्दल आभार, कारण असे मृत्यू पुष्कळ घरांत होतात आणि त्यांचे कारण लक्षात येत नाही.

फिल्टरमधल्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगांवर जे जिवाणू वाढलेले असतात, ते माशांच्या विष्ठेतून आणि गिलांतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. या कामाला त्यांना ऑक्सिजन लागतो, आणि तो वाहत्या पाण्याबरोबर येत असतो. कॅनिस्टर हा चहूबाजूंनी बंद डबा आहे. पाणी थांबले की आतला ऑक्सिजन काही तासांत संपतो, उपयुक्त जिवाणू मरू लागतात किंवा निष्क्रिय होतात, आणि साचलेला गाळ ऑक्सिजनविना कुजू लागतो. अशा कुजण्यातून सडक्या अंड्यांसारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइडही तयार होऊ शकतो. वीज येताच मोटार हे सगळे पाणी एका दमात टाकीत ढकलते, आणि रात्रभराच्या टंचाईने आधीच थकलेल्या माशांना ते सोसत नाही. गुरामी हवेतून श्वास घेऊ शकणारा मासा. तोही मेला, यावरून ऑक्सिजनपेक्षा विषारी पाण्याचाच संशय अधिक येतो.

म्हणून वीज गेल्यावर लगेच कॅनिस्टरचा प्लग काढून ठेवावा, म्हणजे मध्यरात्री वीज आली तरी तो आपोआप सुरू होणार नाही. बंद एक-दोन तासांचाच असेल तर काही न करता तो पुन्हा लावावा. चारेक तासांहून अधिक झाले असतील तर डबा उघडून आतले पाणी फेकून द्यावे, स्पंज आणि रिंगा टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळाव्यात आणि ताज्या पाण्यासह फिल्टर जोडावा. नळाखाली धुऊ नये, क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही मरतील. बंद लांबणार हे आधीच कळले असेल तर रिंगा जाळीच्या पिशवीत घालून टाकीतच, पृष्ठभागाजवळ टांगाव्यात. तिथे त्यांना थोडा तरी ऑक्सिजन मिळत राहतो.

आता पुढचे आठ-दहा दिवस टाकी नवीन आहे असे समजूनच चालावे. अमोनियाची तपासणी किटने रोज करावी, रोज पाव भाग पाणी बदलावे आणि खाद्य निम्म्याहून कमी करावे. नवा मासा या काळात मुळीच आणू नये. वीज आल्यावर उपकरणे लावण्याचा क्रमही सांगून ठेवतो. विजेचा दाब स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग एअर पंप, नंतर साफ केलेला फिल्टर, आणि शेवटी हीटर. हीटर पूर्ण बुडालेला आहे ना हे पाहूनच लावावा. पाणी कमी झालेल्या टाकीत काच उघडी राहिली की तो तडकतो.

प्रश्न : मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि नेमकी दुपारीच वीज जाते. पाणी ३४ अंशांवर गेलेले पाहिले. बर्फ टाकावा का? (नागपूर)

उत्तर : बर्फ थेट टाकू नये. गोठवलेल्या पाण्याची घट्ट बुचाची बाटली पाण्यात तरंगत ठेवावी आणि तापमान तासाला एक-दीड अंशापेक्षा वेगाने उतरू लागले की काढून घ्यावी, कारण अचानक बदल हा उष्णतेहून वाईट ठरतो. काचेच्या तीन बाजूंना ओले सुती कापड लावावे आणि झाकण काढावे. बाष्पीभवनाने दोन-तीन अंशांचा फरक पडतो, विदर्भाच्या कोरड्या हवेत तर चांगलाच पडतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला मात्र तो जास्त लागतो, त्यामुळे दुपारच्या बंदात तांब्याने पाणी ओतण्याचे काम अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांनी करावे. टाकी पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ती जागा बदलणे हाच कायमचा उपाय आहे.

थंडीबद्दल निफाडच्या एका वाचकांनी विचारले आहे, त्यांनाही येथेच लिहितो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वीज गेली तर टाकीला तळाशी आणि तिन्ही बाजूंनी थर्मोकोल लावून वर गोधडी गुंडाळावी, फक्त वरची बाजू हवेसाठी थोडी मोकळी ठेवावी. गरम पाण्याची बंद बाटली आत सोडता येते. पाणी सावकाश थंड होते, म्हणून मोठ्या टाकीला एक रात्र फारशी जड जात नाही.

प्रश्न : वीज गेल्यावर डास फार होतात, म्हणून टाकीच्या खोलीत कॉइल लावतो. त्याने माशांना त्रास होतो का? (वसई)

उत्तर : होतो, आणि गंभीर होतो. डासांच्या कॉइलमध्ये, लिक्विडमध्ये आणि फवाऱ्यात जी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके असतात, ती माणसाला सौम्य असली तरी माशांसाठी अत्यंत विषारी आहेत. बॅटरीवर चालणारा एअर पंप खोलीतली तीच हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत कॉइल किंवा फवारा वापरूच नये, तिथे मच्छरदाणी लावावी. धूप-उदबत्तीही पंपापासून लांब लावावी.

प्रश्न : गणपतीला आम्ही सगळे आठ दिवस कोकणात गावी जातो. मुंबईच्या घरात वीज गेली तर टाकीकडे पाहायला कोणी नसते. काय व्यवस्था करावी? (डोंबिवली)

उत्तर : १२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई आणि परिसराची वीज सकाळी एकाएकी गेली होती, तेव्हा शहरातली वीज जात नाही या भरवशावर टाकी सोडून जाऊ नये, हे आपण बरोबर ओळखले आहे. वीज जाताच आपोआप सुरू होणारा आणि आल्यावर बंद होऊन पुन्हा चार्ज होणारा एअर पंप बाजारात मिळतो; तो नेहमीच्या पंपाबरोबर कायम जोडून ठेवावा आणि जाण्याच्या आठवडाभर आधी मुख्य स्विच बंद करून प्रत्यक्ष किती तास चालतो ते पाहावे. निघण्याच्या दोन दिवस आधी पाव ते एकतृतीयांश पाणी बदलावे, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलेच तर निस्तरायला आपण घरी असाल. टाकीला वनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असेल आणि त्याला विजेवर बंद होणारा व्हॉल्व्ह नसेल, तर तो हातानेच बंद करून जावे.

आठ दिवस खाद्य नसले तरी वाढलेल्या माशांना चालते. सुट्टीसाठी मिळणाऱ्या, पाण्यात सावकाश विरघळणाऱ्या खाद्याच्या वड्या टाकू नयेत, फिल्टर थांबला तर त्याच पाणी नासवतात. शेजाऱ्यांकडे किल्ली देणार असाल तर खाद्याचा डबा आपल्या सामानात घेऊन जावा किंवा कुलपात ठेवावा. प्रेमाने दिलेल्या मूठभर खाद्याने जितक्या टाक्या खराब होतात, तितक्या उपासाने होत नाहीत. त्यांनी दिवसातून एकदा येऊन पंपाचे बुडबुडे दिसतात का आणि मासे वर येऊन तोंड उघडत आहेत का, एवढेच पाहायचे आहे. तसे दिसले तर झाकण काढून तांब्याने दहा मिनिटे पाणी ओतायचे आणि आपल्याला फोन करायचा, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टाकीच्या काचेला चिकटवावे, आणि तो तांब्याही टाकीशेजारीच ठेवून जावे.